हाताला काम नसलेली माणसे

२०२५ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ही मालिका पुन्हा सुरू झाली आणि त्यानंतर महिन्याभरातच बाळ कर्वे गेले. या दोन बातम्यांचा एकमेकींशी तसा काही संबंध नाही. स्मृती इराणींची तुलसी परत आली याची चर्चा घरोघर झाली; ‘गुंड्याभाऊ’ गेल्याचे मात्र पन्नाशी-साठी ओलांडलेल्यांनाच खऱ्या अर्थाने कळले. पण छोट्या पडद्याने अभिनय म्हणून आपल्यापुढे काय काय ठेवले याचा हिशेब मांडायचा, तर ही दोन टोके मला सोयीची वाटतात.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आमच्या भायखळ्याच्या चाळीत, आमच्या मजल्यावर पहिला संच यायला पुढे पाच-सहा वर्षे लागली. त्या बिऱ्हाडाचे दार संध्याकाळी उघडेच असे. पुढे मुले, मागे बायका, उंबऱ्याबाहेर गॅलरीत पुरुष. बायका रिकाम्या हातांनी कधीच बसत नसत. कुणाच्या मांडीवर तांदळाचे सूप, कुणी लसूण सोलते आहे. ‘चिमणराव’ मी असा पाहिला. चि. वि. जोशींचा चिमणराव झालेले दिलीप प्रभावळकर जेमतेम तिशीतले होते आणि शेजारी गुंड्याभाऊच्या वेशात बाळ कर्वे. एकाची सगळी धांदल, दुसऱ्याचा सगळा ठामपणा. चिमणराव बोलत असताना गुंड्याभाऊ नुसता उभा नसे, तो खरोखर ऐकत असे, आणि हसू त्या ऐकण्यातून यायचे. चित्र कृष्णधवल, सेट बेताचा. तरी ती माणसे आमच्या मजल्यावर राहायला आली असती तर कुणाला नवल वाटले नसते.

नाटकातल्या नटाला शेवटच्या रांगेपर्यंत पोचावे लागते. टीव्हीवरचा नट आपल्यापासून चार हातांवर असतो. त्याने ओरडायचे कशाला? त्याने ऐकावे, आणि हातातले काम करत राहावे. माझी कसोटी एवढीच आहे. ती मी कुठल्या पुस्तकातून घेतलेली नाही, चाळीतून घेतली आहे. दहा बाय पंधराच्या खोलीत सहा-सात माणसे राहतात तेव्हा भांडण झाले तर आवाज चढत नाही, उतरतो. भिंतीपलीकडे ऐकू जाईल ही धास्ती असते. बाईचा राग पोळपाट आपटण्यावरून कळतो, पुरुषाचा राग तो जेवताना दुसऱ्यांदा भात मागत नाही यावरून.

आता दैनंदिन मालिकेचे घर पाहा. प्रशस्त दिवाणखाना, मधोमध जिना, आणि त्यासमोर दहा माणसे ओळीने उभी. एकजण काहीतरी भयंकर बोलतो. मग कॅमेरा एकेका चेहऱ्यावर जातो, पाठीमागे ढोल वाजतात, कधी विजाही चमकतात. कुणाच्याही हातात काही नसते. निदान गॅसवर दूध तरी असावे!

याचा दोष नटांना देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. आठवड्याला पाच-सहा भाग, जाहिराती वगळून प्रत्येकी वीस-बावीस मिनिटांचे. बारा-बारा तासांचे चित्रीकरण. संवादांची पाने पुष्कळदा सेटवरच हाती पडतात, हे नटमंडळींनीच मुलाखतींतून वेळोवेळी सांगितले आहे. अशा घाईत चेहऱ्यांचे फटकारे हा वेळ भरून काढण्याचा सर्वांत स्वस्त उपाय असतो. आणि हात रिकामे ठेवण्यालाही कारण आहे. तांदूळ निवडणारी बाई दाखवली, तर पुढच्या शॉटमध्ये सुपातले तांदूळ तेवढेच दिसले पाहिजेत. ती ‘कंटिन्युइटी’ सांभाळायला वेळ लागतो. त्यापेक्षा सूपच नको.

आठवड्यातून एकदा येणाऱ्या मालिकांना ही सवड होती. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ २००१ साली सुरू झाली. प्रभावळकरांचे आबा सर्वांना आठवतात, आणि ते योग्यच आहे. माझे लक्ष मात्र शुभांगी गोखल्यांच्या श्यामलाकडे असे. त्या घरातली सर्वांत जास्त ऐकणारी ती होती. नवरा, सासरे, दोन मुले बोलत आणि तिच्या चेहऱ्यावर दिवसभराचा थकवा आणि गंमत एकदमच दिसे.

त्याआधी, १९९९ मध्ये, अल्फा मराठीवर ‘आभाळमाया’ आली. सुकन्या कुलकर्णींची सुधा ही नोकरी करणारी बाई, नवऱ्याच्या दुसऱ्या नात्याला तोंड देणारी. तेच दुखणे वीस वर्षांनी ‘आई कुठे काय करते’ने घेतले. २०१९ ते २०२४ अशी पाच वर्षे ही मालिका चालली. सुरुवातीच्या भागांतली मधुराणी प्रभुलकरांची अरुंधती मला फार आवडली होती. डबे, चहा, सासऱ्यांची औषधे, असे तिचे हात सतत चालू असत आणि अपमान झाला की ते क्षणभर थांबत. त्या थांबण्यात सगळे असे. पुढे तिला स्वतःची वाट सापडली, ते ठीकच झाले. पण तिच्या वाट्याला भाषणे आली आणि हातांचे काम संपले. अभिनेत्री तीच होती. जे वाक्याविना कळत होते ते तिला पानभर बोलून दाखवावे लागले. आमच्या शेजारच्या मावशी तेव्हापासून मालिका लावून ठेवतात आणि स्वयंपाकघरातून नुसती ऐकतात. खरे तर त्यांनी मालिकेची रेडिओवरची श्रुतिका केली आहे. बघण्यासारखे काही उरले नाही, असा त्यांचा रोकडा निकाल.

मला खंत वाटते ती वेगळीच. हा पडदा ज्या घरांत सर्वांत जास्त पाहिला जातो ती घरे त्या पडद्यावर जवळजवळ नाहीत. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला आणि त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झाले. खटाव मिलच्या परिसरातल्या आम्हा मंडळींना हे दोन्ही एकदमच भेटले. नाटकाने ती गोष्ट सांगितली: जयंत पवारांच्या ‘अधांतर’मधली ज्योती सुभाष यांची आई ज्यांनी पाहिली ते विसरणार नाहीत. सिनेमानेही २०१० मध्ये ‘लालबाग परळ’च्या रूपाने तीच गोष्ट घेतली. रोज रात्री घरात शिरणाऱ्या मालिकेने ती घेतल्याचे निदान माझ्या पाहण्यात नाही.

संपाच्याही आधीपासून गिरणगावातल्या कितीतरी बायका खाणावळी चालवत. एका खोलीत संसार आणि त्याच खोलीत गिरणीतल्या बिनबिऱ्हाडी कामगारांची दोन वेळची पंगत. सावकाराच्या व्याजातून त्यांना सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि बँकेची कर्जे मिळवून दिली. यात काय नाही? पैसा आहे, नवरे आहेत, रुसवे आहेत, पाळीवरून येणारी भुकेली माणसे आहेत आणि संपात तुंबलेली उधारी आहे. हजार भाग सहज निघतील, आणि सेटला एक खोली पुरे.

अशी मालिका कुणी काढलीच, तर नायिकेला आधी भाकरी थापायला शिकावे लागेल. त्याला महिनाभर तरी हवा. आमच्या मजल्यावर शिकवणाऱ्या दोघीतिघी अजून आहेत.