तीन दिवसांसाठी सोडलेलं शहर

नेवाशाहून एका नववीतल्या दोस्ताचं पत्र आलंय. पत्र आहे पोस्टकार्डाएवढंच, पण प्रश्न मोठे टोकदार! तो विचारतो, 'चेर्नोबिलला म्हणे सहली जायच्या. अणुभट्टीचा स्फोट झाला तिथे फिरायला कोण जाईल? आणि गेलंच तर बघायचं काय? आमच्याकडे लोक येतात ते पैस खांबाला आणि मोहिनीराजाच्या दर्शनाला. बाकी लाडमोड टेकडी आहे, पण तिथे नुसती माती नि खापरं.'

शाब्बास! त्यातलं शेवटचं वाक्य जरा बाजूला काढून ठेवा. पुढे लागणार आहे ते आपल्याला. आधी चेर्नोबिलला जाऊ. मनानेच बरं का. प्रत्यक्ष का जाता येणार नाही, तेही सांगतो.

युक्रेन देशात, कीव्ह या राजधानीच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर चेर्नोबिलचं अणुवीज केंद्र आहे. १९८६ साली हा भाग सोव्हिएत युनियनमध्ये होता. केंद्रात चार अणुभट्ट्या चालू होत्या. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे, एक वाजून तेवीस मिनिटांनी, चौथ्या भट्टीत स्फोट झाला. गंमत म्हणजे (गंमत कसली, दैवदुर्विलास!) त्या वेळी चालली होती ती सुरक्षेचीच चाचणी. बाहेरची वीज गेली तर गरगरणारं टर्बाइन थांबेपर्यंत पाण्याचे पंप चालतील का, हे बघायचं होतं. भट्टीच्या रचनेत मुळातच दोष होता, त्यात चाचणीसाठी काही संरक्षक यंत्रणा बंद करून ठेवलेल्या. भट्टीवरचं प्रचंड झाकण उडालं, छप्पर फुटलं, आणि आतले किरणोत्सर्गी पदार्थ धुराबरोबर आभाळात गेले.

तिथून जेमतेम तीन किलोमीटरवर प्रिप्यात नावाचं शहर होतं. शहर म्हणजे कसं, अगदी कोरं करकरीत! १९७० साली वसवलेलं, केंद्रातल्या कामगारांसाठी. वस्ती सुमारे ४९ हजार, बहुतेक जण तरुण, त्यामुळे मुलंबाळं भरपूर. शाळा, बालवाड्या, पोहण्याचा तलाव, नाट्यगृह. एका चौकात आकाशपाळणा आणि डॅशिंग कारचा खेळ उभारून तयार होता. १ मे रोजी त्याचं उद्घाटन व्हायचं होतं.

आता ऐका. स्फोट झाला शनिवारी पहाटे. त्या शनिवारी प्रिप्यातमधली मुलं नेहमीसारखी शाळेत गेली! कुणी काही सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी, २७ तारखेला दुपारी, रेडिओवरून सूचना आली, की कागदपत्रं आणि थोडं खाणं घेऊन इमारतीखाली उभे राहा. सुमारे बाराशे बसगाड्या आल्या आणि काही तासांत अख्खं शहर रिकामं झालं. तीनेक दिवसांत परत यायचंय अशीच सगळ्यांची समजूत होती. म्हणून कुणी फोटो घेतले नाहीत, खेळणी घेतली नाहीत. कुत्री-मांजरं मागेच राहिली.

ते तीन दिवस अजून संपलेले नाहीत.

पुढे भोवतालचा तीस किलोमीटरचा टापूच मोकळा करण्यात आला. त्या एका वर्षात लाखावर माणसं हलवली. सगळ्यात वाईट फटका बसला तो मुलांना. हवेतलं किरणोत्सर्गी आयोडीन गवतावर बसलं, गवत गाईंनी खाल्लं आणि दूध मुलांनी प्यायलं. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला आयोडीन हवंच असतं, तिने ते साठवून ठेवलं. हे आयोडीन आठ दिवसांत निम्मं होतं, म्हणजे महिना-दोन महिने ते दूध टाळलं असतं तरी पुष्कळ निभावलं असतं. पण वेळेवर सांगणारं कोणी नव्हतं. २००५ पर्यंत, त्या वेळी लहान असलेल्यांपैकी सहा हजारांहून अधिक जणांना या ग्रंथीचा कर्करोग झाल्याची नोंद झाली. त्यातला मोठा वाटा या दुधाचा. सुदैवाने उपचारांनी बहुतेक जण वाचले.

तर अशा ठिकाणी २०११ पासून युक्रेन सरकारने रीतसर सहलींना परवानगी दिली. २०१९ साली तर वर्षभरात सव्वा लाखाच्या आसपास पर्यटक येऊन गेले, कारण त्याच वर्षी या दुर्घटनेवरची एक मालिका टीव्हीवर गाजली होती. सकाळी कीव्हहून बस निघायची. दित्यात्की नावाच्या नाक्यावर पासपोर्ट तपासायचे. आणि अठरा वर्षं पूर्ण नसतील तर प्रवेशच नाही! झालं की नाही तुमचं तिकीट रद्द?

नियम कसे, ऐका. पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद बूट. उघड्यावर काही खायचं नाही. जमिनीवर बसायचं नाही, पिशवीसुद्धा खाली ठेवायची नाही. कशालाही हात लावायचा नाही आणि तिथली वस्तू, साधा खडासुद्धा, बाहेर आणायचा नाही. परतताना एका यंत्रात उभं राहायचं, ते अंगावरचा किरणोत्सर्ग मोजतं, आणि मगच फाटक उघडतं. किरणोत्सर्ग डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही, म्हणून हातात एक मोजणारं यंत्र. ते टिकटिक करतं. रस्त्यावर हळू, शेवाळाजवळ नेलं की एकदम भरभर. ठरलेल्या वाटेवरून फिरलं तर दिवसभरात अंगात जाणारा किरणोत्सर्ग एखाद्या लांबच्या विमानप्रवासाइतकाच. म्हणजे घाबरून जाण्यासारखं फार नाही. पण पाय वाटेवरून सरला की हिशेब बदलतो.

आणि बघायचं काय? रस्त्यांच्या फरशीतून उगवलेली झाडं. वर्गातली बाकं, उघड्या पडलेल्या वह्या. पिवळ्या पाळण्यांचा तो आकाशपाळणा, गंजलेला. बालवाडीत लोखंडी छोट्या खाटा आणि खाटांवर बाहुल्या.

इथे मात्र मला थोडं रागावून बोलायचंय. या बाहुल्यांचे फोटो जगभर पोचलेत. खिडकीशी बाहुली, तिच्या तोंडावर गॅसचा मुखवटा. बघताना काळजात चर्र होतं. पण मुलं गेली तेव्हा बाहुली तशी नव्हती हो! फोटो चांगला यावा म्हणून कुणीतरी मागून ती तिथे बसवली. मुखवटे होते ते सरावासाठी ठेवलेले, तेही दुसऱ्या जागेहून उचललेले. भिंतींवरची काही चित्रंसुद्धा अशीच नंतर रंगवलेली. एकाने एक वस्तू हलवली, दुसऱ्याने दुसरी. आता कुठली वस्तू त्या रविवारी जिथे होती तिथे आहे, हे सांगणंच अवघड झालंय. त्याशिवाय चोरांनी नेलं ते वेगळंच.

आता काढा ते बाजूला ठेवलेलं वाक्य. 'नुसती माती नि खापरं.'

लाडमोड टेकडी हीसुद्धा एक सोडून दिलेली वस्तीच आहे. डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ पासून नेवाशाला उत्खनन केलं. एकाखाली एक थर निघाले. खालच्या थरांत तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं ताम्रपाषाणयुगातलं गाव होतं. तुमच्याच जिल्ह्यात संगमनेरजवळच्या जोर्वे गावी मिळाली होती तशीच खापरं, लाल रंगावर काळी नक्षी. लहान मूल गेलं तर त्या काळचे लोक त्याला दोन मडक्यांची तोंडं जुळवून घराच्याच जमिनीखाली पुरायचे. अशा एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांमध्ये दोऱ्याचा अंश टिकून होता. तपासला तर त्यात कापूस आणि रेशीम! साडेतीन-तीन हजार वर्षांपूर्वी प्रवरेच्या काठी कापूस-रेशमाचा दोरा होता, आणि आपल्या पोराच्या गळ्यात माळ घालावी असं कुणाला तरी वाटलं होतं, हे त्या माळेने सांगितलं.

कशामुळे सांगू शकली? ती जिथे घातली तिथेच राहिली म्हणून. तीच माळ कुणी आधी उचलून खिशात घातली असती, तर उरले असते चार हिरवट मणी. कुणाचे, कधीचे, काही कळलं नसतं. म्हणून खणणारी मंडळी आधी जागेचं माप घेतात, चित्र काढतात, फोटो घेतात, आणि मगच वस्तू हलवतात. प्रिप्यातच्या बाहुलीला ते भाग्य लाभलं नाही.

नेवाशाचं ते गाव का उठलं? पाऊस कमी होत गेला, शेती पिकेना, असं अभ्यासकांना वाटतं. पुढे कित्येक शतकं टेकडी ओस होती. मग सातवाहनांच्या काळात माणसं पुन्हा राहायला आली, त्याच मातीवर त्यांनी घरं बांधली. त्यांना धोका काहीच नव्हता. खाली होती ती राख, हाडं, खापरं.

चेर्नोबिलच्या टापूत कोपाची नावाचं खेडं होतं. तिथली जवळजवळ सगळी घरं यंत्रांनी पाडून जागच्या जागी मातीखाली पुरली. आज तिथे गवताने झाकलेले उंचवटे दिसतात आणि त्यांवर किरणोत्सर्गाची खूण असलेल्या त्रिकोणी पाट्या. म्हणजे टेकड्याच की! छोट्या छोट्या लाडमोड टेकड्या. फरक एवढाच, की या खणायच्या नाहीत.

किती वर्षं? चला, गणित करू. प्रत्येक किरणोत्सर्गी पदार्थाचं एक 'अर्धायुष्य' असतं, म्हणजे तो निम्मा व्हायला लागणारा काळ. सिझियमचं तीस वर्षं. १९८६ पासून आजवर ते निम्म्याहून कमी झालंय. प्लुटोनियमचं मात्र तब्बल २४,१०० वर्षं! आता समजा, ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या साली, म्हणजे १२९० मध्ये, असा स्फोट झाला असता. आज सिझियम नावालासुद्धा उरलं नसतं, दोन कोटींहून जास्त भागांत जेमतेम एक भाग. पण प्लुटोनियमचे शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग तसेच असते. मण्यांची माळ पुरली तेव्हा झाला असता, तरी नव्वद-एक्क्याण्णव. ते निम्मं झालेलं बघायचं तर प्रवरेच्या गाळा-गोट्यांत सापडलेल्या अश्मयुगातल्या हत्यारांच्या काळाकडे वळावं लागेल, ज्यांना तुमच्या गावावरूनच 'नेवासियन' नाव पडलंय.

आणि त्रिकोणी पाटी? ती किती दिवस टिकणार, टिकली तरी कोण वाचणार? शंभर वर्षांपूर्वीचा मोडीतला कागद घरात निघाला तर आपण कपाळाला हात लावतो. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या वाळवंटाखाली असा कचरा पुरला जातो. तिथे 'इथे खणू नका' हे दहा हजार वर्षांनंतरच्या माणसाला कसं कळवावं, यावर १९९० च्या दशकात शास्त्रज्ञांची आणि भाषांच्या अभ्यासकांची बैठक बसवली होती. कुणी म्हणालं दगडी काट्यांचं रान उभारा, कुणी म्हणालं घाबरलेले चेहरे कोरा. मला शंका आहे. काटे दिसले तर एखादा हौशी संशोधक आधी तिथेच कुदळ मारेल!

आता सहली बंद का, ते. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाचं सैन्य याच टापूतून युक्रेनमध्ये शिरलं आणि मार्चअखेरपर्यंत तिथे राहिलं. सैनिकांनी त्या किरणोत्सर्गी मातीत खंदकसुद्धा खणले. तेव्हापासून पर्यटकांना वाट बंद आहे. फुटलेल्या भट्टीवर २०१६ साली एक भलीमोठी पोलादी कमान सरकवून बसवली होती, १०८ मीटर उंच, शंभर वर्षं टिकावी म्हणून. १४ फेब्रुवारी २०२५ ला ड्रोन आदळून तिलाही भोक पडलं.

पण टापू अगदीच निर्मनुष्य कधी नव्हता. काही म्हाताऱ्या माणसांनी, त्यांतही आज्याच जास्त, बंदी मोडून आपल्या जुन्या खेड्यांत परत घर केलं होतं. बटाटे लावायचे, कोंबड्या पाळायच्या. हलवलेल्या इतर कुटुंबांना वर्षातून एकदा, ईस्टरनंतरच्या दिवसांत, आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं ठेवायला जाऊ द्यायचे. लाडमोडच्या माणसांना आपण काही विचारू शकत नाही. प्रिप्यातमध्ये जे तुमच्याएवढे होते, ते आज पन्नाशीत आहेत. बाहुली नक्की कुठे होती, हे त्यांना विचारता येतं.

नेवाशाच्या दोस्ता, दिवाळीच्या सुट्टीत वही-पेन्सिल घेऊन टेकडीवर जा. लाल खापरावर काळी नक्षी दिसली तर शेजारी मोजपट्टी ठेव आणि चित्र काढ. जागा लिहून ठेव. खापर तिथेच राहू दे, चित्र मात्र आम्हाला पाठव.