भिंतीला लोणा लागला म्हणून वाडा पाडू नका

आज पिकावर नाही, घरावर लिहितोय.

आपल्या बारामती-इंदापूर भागात जुनी विटांची घरं पाडायची नुसती चढाओढ लागलीय. कारण विचारलं की एकच उत्तर, भिंतीला लोणा लागलाय. मग सागवानी खांब, तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला जातात, विटा भरावात आणि त्या जागी स्लॅब. उन्हाळ्यात तो असा तापतो की माणसं बाहेर अंगणात झोपतात.

लोणा म्हणजे काय ते आपल्याला कुणी शिकवायला नको. १८७६-७७ च्या दुष्काळाच्या काळात नीरा डाव्या कालव्याचं काम निघालं, पुढं पाणी आलं, ऊस आला. पाणी जास्त झालं तिथं जमिनीतले क्षार वर आले आणि रानं चोपण झाली. भिंतीतही तेच होतं. जोत्यातून ओल वर चढते, वाळताना क्षार बाहेर टाकते.

चोपण रानाला आपण चर काढतो, वरून फरशी घालत नाही! भिंतीला मात्र गवंडी सांगतो, सिमेंटचा गिलावा मारा. जुनी वीट मऊ, सांध्यात चुना नाहीतर माती. त्यातून ओल सुकून जायची. सिमेंटनं ती वाट बंद झाली की ओल आणखी वर सरकते, क्षार गिलाव्याच्या मागं फुगतात आणि विटेचं तोंडच सोलून निघतं. दोन-चार वर्षांनी आपण म्हणतो, घरच कच्चं होतं.

इंग्लंडात दोन-तीनशे वर्षांची विटांची शेतघरं आहेत आणि त्यात शेतकरी राहतात. नोंद झालेलं जुनं घर असेल तर परवानगीशिवाय मोडता येत नाही. तिकडं विल्यम मॉरिसनं १८७७ साली जुन्या इमारती जपायची संस्था काढली. (आपल्याकडं तेव्हा दुष्काळ होता, ते सोडा.) ती संस्था आजही सांगते, जुन्या भिंतीला चुनाच वापरा, पाणी भिंतीपासून लांब काढा.

आता खर्चाचं म्हणाल तर चुन्याचं काम हळू चालतं, मजुरी जास्त जाते, खरंय. भावाभावांच्या वाटण्या झाल्या की कुणी कुणाच्या भिंतीला हात लावत नाही, हेही खरंय. पोरांना आत संडास-बाथरूम पाहिजे, ते मागच्या अंगाला नवीन बांधा की. पण मोरीचं पाणी भिंतीच्या बुडात सोडू नका. निम्म्या घरांचं दुखणं तिथंच आहे. अंगणातला कोबा भिंतीपासून हात-दीड हात तोडा, साचलेली माती जोत्याखाली उतरवा, सिमेंट हलक्या हातानं काढा आणि एक उन्हाळा भिंत उघडी ठेवून सुकू द्या. पाडायचं का नाही ते मग ठरवा.

चुन्यात काम करणारा जुना गवंडी कुणाच्या गावात अजून असेल तर जरूर कळवा. आमच्याकडं आता कुणी उरला नाही.