हवा, वारा आणि गाळी

सायकलच्या शर्यतीचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. पहिल्यात सगळे एकदम सुटतात आणि जो आधी पोहोचतो तो जिंकतो. पाहायला हीच मजेची. दुसऱ्यात दर मिनिटाला एकेकाला सोडतात. पुढचा दिसत नाही, मागचा दिसत नाही. आपण, रस्ता आणि घड्याळ, एवढेच. हिला टाईम ट्रायल म्हणतात. आमच्या रविवारच्या मंडळींत तिला 'घड्याळाची शर्यत' हे नाव पडले आहे. पाहणाऱ्याला ती कंटाळवाणी वाटते हे मला मान्य आहे, पण करणाऱ्याला तिच्याइतकी खरी शर्यत दुसरी नाही.

घोळक्यात दुसऱ्याच्या पाठीला चिकटून राहिले की वारा तो अडवतो आणि श्रम आपले वाचतात. घड्याळाच्या शर्यतीत हे चालत नाही. पुढच्याला गाठले तरी त्याच्या आडोशाला थांबायचे नाही, बाजूने निघून जायचे. त्यामुळे इथे तुमचे पाय आणि तुमची सायकल या दोहोंचीच परीक्षा होते. पायांबद्दल पुष्कळ बोलले जाते. आज मला सायकलबद्दल, म्हणजे ती दुरुस्त करणाऱ्या हातांबद्दल लिहायचे आहे.

या शर्यतीचा जन्मही गमतीदार आहे. १८९० मध्ये इंग्लंडमधल्या सायकल संघटनेने रस्त्यावरच्या शर्यतींना बंदी घातली. रस्त्यावर घोळक्याने सायकली हाणणारे लोक पोलिसांच्या आणि घोडेवाल्यांच्या डोळ्यांवर येऊ लागले होते. मग १८९५ मध्ये एफ. टी. बिडलेक नावाच्या गृहस्थांनी तोड काढली : एकेकाला अंतराने सोडायचे, म्हणजे शर्यत चालली आहे हे कोणाला कळणारच नाही. पुढे त्यात भर पडली. स्पर्धकांनी मानेपासून घोट्यापर्यंत काळे कपडे घालायचे, पहाटे सुटायचे आणि मार्ग सांकेतिक खुणांनी ओळखायचा. शर्यत कसली, चोरीच जणू!

आमची शर्यत चोरून होत नाही, पण पहाटेच होते, कारण नंतर ट्रक सुरू होतात. वेंगुर्ले रस्त्याने हिंडलगा मागे टाकल्यावर आमची सुरुवात. बाची ओलांडून, शिनोळीच्या पुढे दहा किलोमीटर भरतात तिथून माघारी. म्हणजे शर्यत कर्नाटकात सुरू होते, महाराष्ट्रात वळसा घेते आणि पुन्हा कर्नाटकात संपते. पोस्टातून निवृत्त झालेले एक काका घड्याळ आणि वही घेऊन उभे असतात. त्यांनी वहीत लिहिलेली वेळ ही शेवटची, तिच्यावर अपील नाही. माझी आजवरची सगळ्यात चांगली वेळ ४१ मिनिटे १८ सेकंद. चाळीस मिनिटांच्या आत यायचे हा गेली दोन वर्षे माझा संकल्प आहे आणि तो संकल्पच राहिला आहे.

वीस किलोमीटर चाळीस मिनिटांत म्हणजे ताशी तीस. आकडा मोठा वाटत नाही, पण या वेगाला सपाट रस्त्यावर आपली बहुतेक ताकद नुसती हवा बाजूला सारण्यात जाते. आणि हवेचा हिशेब सरळ त्रैराशिकाचा नाही. वेग एक दशांशाने वाढवायचा, म्हणजे तिसाचे तेहतीस करायचे, तर हवेसाठी लागणारी ताकद जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते. म्हणून शर्यतवाले वाकून, कोपर आत घेऊन, छाती लपवून बसतात. ती ऐट नसते, काटकसर असते.

पावसाळ्यात आमच्याकडे पश्चिमेचा वारा असतो. जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर. नवा माणूस म्हणतो, जाताना गमावले ते येताना वसूल होईल. वसूल होत नाही. समजा, दहा किलोमीटर ताशी पंचवीसने गेलात, तर २४ मिनिटे लागली. येताना वाऱ्याच्या जोरावर ताशी छत्तीस, म्हणजे १६ मिनिटे ४० सेकंद. पंचवीस आणि छत्तीस यांची सरासरी साडेतीस येते, पण एकूण वेळ होते ४० मिनिटे ४० सेकंद, म्हणजे ताशी तिसापेक्षाही हळू. कारण वारा ज्या बाजूने छळतो त्या बाजूला आपण जास्त वेळ असतो. वर्गात सरासरीचे प्रकार शिकवताना मी हेच उदाहरण देतो आणि मुले ते विसरत नाहीत.

आता अण्णांकडे वळतो. शहापुरात त्यांचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, छताला टांगलेल्या रिंगा, पाण्याचे घमेले आणि एक बाकडे. माणूस मूळचा बैलहोंगलकडचा. माझ्याशी मराठीत बोलतात, पण सायकलशी बोलायची वेळ आली की कन्नडवर जातात. चेनला बोट लावून पहिले वाक्य ठरलेले, "चैन उद्द आगेत्री, सर." चेन लांबली, असे आपणही म्हणतो. खरे तर चेनचे लोखंड ताणले जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीची बाही झिजते आणि शंभरेक कड्यांची ती झीज मिळून लांबी वाढते. अण्णा पट्टी लावतात : बारा इंचांत बसायला हव्या तेवढ्या कड्या एक षोडशांश इंच पुढे गेल्या, की चेन बदलायची. नाही बदलली तर ती फ्रीव्हीलचे दाते खाते आणि शंभराचे काम हजारावर जाते.

अण्णा निरोप देताना दरवेळी म्हणतात, "गाळी नोडकोंड होग्री." टायरमधली हवा बघून जा की रस्त्यावरचा वारा बघून जा, हे मला सुरुवातीला कळत नसे. मराठीत आपण दोन शब्द ठेवले आहेत, ट्यूबमध्ये हवा आणि रस्त्यावर वारा. कन्नडला एकच गाळी पुरते. विचारले तर अण्णा म्हणाले, दोन्ही. आणि घड्याळाच्या शर्यतीपुरते सांगायचे तर कन्नडचे बरोबर आहे. ट्यूबमधली गाळी कमी पडली की बाहेरची गाळी दुप्पट वाटते.

पंक्चरबद्दलही एक गोष्ट अण्णांकडूनच शिकण्यासारखी. पंक्चर काढणारे पुष्कळ, पण ते कशामुळे झाले हे शोधणारे थोडे. आपल्या हमरस्त्यांवर काट्याइतकाच, किंबहुना जास्त, त्रास देते ते ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून सुटलेले केसासारखे बारीक तारेचे तुकडे. ट्यूबला ठिगळ लावून टायर चढवला आणि तार आतच राहिली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अण्णा टायरच्या आतून जुने सुती फडके फिरवतात. जिथे धागा अडकतो तिथे तार. चिमट्याने ओढून काढतात आणि गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवतात. पैसे त्यानंतर.

घड्याळ चालू असताना दुरुस्ती म्हणजे काय, याची सगळ्यात मोठी गोष्ट फ्रान्समधली आहे. १९१३ सालच्या 'तूर द फ्रान्स'मध्ये युजेन क्रिस्तोफ हा आघाडीचा स्पर्धक पिरेनीज पर्वतातला तूरमाले घाट उतरत असताना त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. त्या काळी नियम असा की दुरुस्ती ज्याची त्याने करायची, कोणाची मदत घ्यायची नाही. हा गडी सायकल खांद्यावर घेऊन दहा किलोमीटरांहून अधिक चालत खालच्या गावातल्या लोहाराच्या भट्टीवर पोहोचला. लोहार शेजारी उभा, पण हात लावायची परवानगी नाही. शर्यतीचे अधिकारी डोळ्यांत तेल घालून पाहत होते. क्रिस्तोफने काही तास खपून स्वतःच्या हाताने लोखंड तापवले, ठोकले, चिमटा जोडला. मात्र एक हात लोखंडावर आणि एक भात्यावर हे जमेना, तेव्हा एका लहान मुलाने भाता ओढला. तेवढ्यासाठी त्याला दहा मिनिटांचा दंड झाला, जो पुढे तीन मिनिटांवर आणला गेला! एवढे तास गेल्यावर तीन मिनिटांनी काय फरक पडणार होता? शर्यत तर केव्हाच हातची गेली होती. तरी तो उठला आणि पुढे गेला. आज त्या गावात त्याची आठवण जपलेली आहे. त्या वर्षी जिंकला कोण, ते बहुतेकांना शोधून काढावे लागते.

दुसरे उदाहरण अलीकडचे. ग्रॅम ओब्री हा स्कॉटलंडचा हौशी गडी. त्याने स्वतः जोडलेल्या सायकलमध्ये कपडे धुण्याच्या यंत्रातले बेअरिंग बसवले होते. १९९३ मध्ये नॉर्वेतल्या हामार इथे तासाभरात जास्तीत जास्त अंतर कापण्याच्या विक्रमासाठी तो उतरला. पहिल्या दिवशी नव्या, देखण्या सायकलवर अपयश आले. दुसऱ्या दिवशी त्याने आपली जुनी, घरची सायकल काढली आणि ५१.५९६ किलोमीटरचा विक्रम केला. आठवड्याच्या आत तो मोडलाही गेला, पण ते असो.

परदेशाचे कौतुक पुरे. आपल्या गावाचेही या धंद्याशी नाते लहान नाही. किर्लोस्कर रोडवरून आपण रोज जातो-येतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८६९. १८८८ मध्ये त्यांनी भाऊ रामुअण्णांच्या साथीने बेळगावात काढले ते सायकलचे दुकान. नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे नंतर आली, किर्लोस्करवाडी तर १९१० ची. सायकल उघडून पुन्हा जोडता येते, या विश्वासावर एवढा मोठा कारखाना उभा राहिला. आणि आता त्याच गावात चाकाचा आऊट नीट काढणारे किती उरले, हे मोजायला एका हाताची बोटे पुरतील अशी मला भीती वाटते. अण्णांचा मुलगा मोबाईलच्या दुकानात आहे. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, तिथे ग्रीस नाही आणि पगार वेळेवर मिळतो.

आऊट काढणे म्हणजे वाकडे फिरणारे चाक सरळ करणे. मागच्या वर्षी ते जवळून पाहायची वेळ आली. आमच्या कॉलेजात बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला एक मुलगी आहे, खानापूर तालुक्यातली. घरातून कॉलेजला यायला सायकल, म्हणून सायकलवाली झाली. विद्यापीठाच्या संघासाठी निवड चाचणी होती : वीस किलोमीटर घड्याळाची शर्यत, पहिल्या चौघी संघात. चाचणी शनिवारी आणि गुरुवारी संध्याकाळी तिच्या जुन्या गिअरच्या सायकलच्या मागच्या चाकाच्या दोन तारा तुटल्या. दोन्ही चेनच्या बाजूच्या. त्याच बाजूच्या का तुटतात, याला कारण आहे. फ्रीव्हीलला जागा देण्यासाठी त्या बाजूच्या तारा जवळजवळ उभ्या बसवलेल्या असतात आणि त्यांच्यावर ताण जास्त असतो. शिवाय फ्रीव्हील उतरवल्याशिवाय त्या बदलता येत नाहीत आणि तो पान्हा सगळ्यांकडे नसतो.

शहरातल्या एका चकचकीत दुकानात तिला चाकच नवे घ्यायला सांगितले. किंमत ऐकून ती अण्णांकडे आली. मीही तिथे होतो. अण्णांनी दोन तारा घातल्या, सायकल उलटी केली, ब्रेकच्या रबराशेजारी खडू धरला आणि चाक फिरवले. जिथे रिंग खडूला लागते तिथे खूण. मग उजवीकडच्या तारेचे निपल पाव फेरा सैल, डावीकडचे पाव फेरा घट्ट. अधूनमधून नखाने तारा छेडून ऐकायचे, तंबोरा लावावा तसे. (धारवाडच्या बाजूचा माणूस, कान तयार असायचाच.) अर्धे काम झाल्यावर अण्णांनी पान्हा तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "उरलेला आऊट तू काढ, तंगी. माझा हात आता थरथरतो." हात थरथरतो हे खरे आहे. पण त्याच हाताने त्यांनी त्यानंतर कपात चहा ओतला, तो सांडला नाही.

तिला दीड तास लागला. खडू शेवटी कुठेच लागेनासा झाला.

शनिवारी ती पाचवी आली. चौथीपेक्षा चार सेकंद मागे. चाक शेवटपर्यंत सरळ फिरले, तक्रार करायला जागाच नव्हती. सेकंद कुठे गेले हे तिनेच मला सांगितले : वळसा घ्यायच्या जागी समोर बैलगाडी होती, तिथे ब्रेक लावावा लागला आणि पुन्हा वेग धरायला वेळ गेला. मोठ्या शर्यतीतही असेच असते. १९८९ मध्ये ग्रेग लेमाँडने सव्वातीन हजार किलोमीटरांची 'तूर' शेवटच्या दिवशीच्या साडेचोवीस किलोमीटरच्या घड्याळाच्या शर्यतीत जिंकली, ती आठ सेकंदांनी. हे मी तिला सांगितले, पण हरलेल्या माणसाला आकडेवारीचा उपयोग नसतो. ती "हो सर" म्हणाली आणि गेली.

पुढच्या रविवारी शर्यत आटोपून अण्णांच्या दुकानावरून येत होतो. ती बाकड्यावर बसली होती. मागच्या चाकाचा हब उघडलेला, कोन आणि कप पुसून वर्तमानपत्रावर मांडलेले, बशीत रॉकेल आणि त्यात छरे. मागच्या हबला एका बाजूला नऊ छरे असतात. डाव्या बाजूचे नऊ निघाले होते, उजव्या बाजूचे आठच. नववा कुठे घरंगळला हे ती जमिनीवर बसून, मोबाईलचा उजेड टाकून शोधत होती आणि अण्णा तिला काडीचीही मदत न करता चहा पीत बसले होते.