नेवाशाची खापरे आणि 'प्रकटीकरणा'तील बाबेल

१/ प्रवरेकाठचे नेवासे महाराष्ट्राला ज्ञानेश्वरीचे गाव म्हणून ठाऊक आहे. १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकळिया यांनी येथे उत्खनन केले. सातवाहनकालीन थरांत अँफोरांची खापरे सापडली. अँफोरा म्हणजे भूमध्य समुद्राकाठचे मद्य वाहून आणणारे दोन कानांचे उंच मातीचे कुंभ. बायबलच्या अखेरच्या पुस्तकाचा अर्थ लावताना ही खापरे मोलाची साक्ष देतात.

२/ ते पुस्तक म्हणजे 'प्रकटीकरण'. कुठे युद्ध पेटले, साथ पसरली, की त्यातील श्वापद, चार घोडेस्वार आणि ६६६ हा अंक पुन्हा चर्चेत येतात आणि जगाच्या अंताची तारीख मांडली जाते. हे पुस्तक पंचांगासारखे वाचणे हा त्याच्यावर अन्याय आहे. मुळात ते एक पत्र आहे आणि त्याचे वाचक ठरलेले होते.

३/ पात्म बेटावरून योहान नावाच्या लेखकाने ते आजच्या पश्चिम तुर्कस्तानातील सात मंडळ्यांना लिहिले. इफिस, स्मुर्णा, पर्गम ही त्यांतील नावे. बहुतेक अभ्यासक त्याचा काळ सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीच्या अखेरीस, इ.स. ९५च्या सुमारास मानतात.

४/ या मंडळ्यांपुढचा पेच कोणता होता? साम्राज्यभर अखंड छळ चालू होता असे नाही, पण संकट डोक्यावर टांगलेले होते. इ.स. ११२च्या सुमारास सुभेदार धाकटा प्लिनी सम्राट ट्रेजनला आपली पद्धत कळवतो: संशयिताने सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप व मद्य अर्पावे आणि ख्रिस्ताला शाप द्यावा, म्हणजे सुटका. जो ख्रिस्ती असल्याचे पुन्हा पुन्हा सांगेल, त्याला देहान्त.

५/ अशा काळात रोमचे नाव उघड घेणे धोक्याचे. म्हणून रोम झाले 'बाबेल', सात डोंगरांवर बसलेली स्त्री. ६६६चा उलगडाही याच काळात सापडतो. हिब्रूत अक्षरांना अंकमूल्य असते आणि 'नेरोन कैसर' या अक्षरांची बेरीज ६६६ भरते. शेवटचा 'न' गाळला तर ६१६, आणि काही प्राचीन हस्तलिखितांत नेमका ६१६ हाच अंक आहे.

६/ तिसरा घोडेस्वार हातात तराजू घेऊन येतो. एका माणसाच्या दिवसभराच्या पोटापुरत्या गव्हाला दिवसभराची मजुरी, असा तो भाव. तेल आणि द्राक्षारस मात्र सुरक्षित. ही निव्वळ कल्पना नव्हती. इ.स. ९२-९३च्या सुमारास पिसिदियातील अंत्युखिया येथे टंचाई पडली, तेव्हा रोमन सुभेदाराला साठवलेले धान्य बाहेर काढण्याचा हुकूम देऊन त्याचा कमाल दर ठरवावा लागला होता.

७/ अठराव्या अध्यायात बाबेल कोसळते आणि व्यापारी रडतात. त्यांच्या मालाची यादी २८ जिनसांची आहे: सोने, मोती, रत्ने, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी, मद्य आणि सर्वांत शेवटी गुलाम माणसे. यातील अनेक जिनसा पूर्वेकडून जात. त्याच शतकातील 'पेरिप्लस' हा ग्रीक ग्रंथ पैठणहून भडोचला जाणाऱ्या मौल्यवान दगडांची नोंद करतो आणि भडोचला उतरणाऱ्या इटालियन मद्याचीही. गोदाखोऱ्यातील नेवासे याच व्यापारजाळ्यातले. योहान ज्या बाजारावर कोरडे ओढतो, त्याचे एक टोक असे अहिल्यानगर जिल्ह्यात येते.

८/ पुढे याच जिल्ह्यात हे पुस्तक मराठीतून वाचले जाऊ लागले. १८३१मध्ये अमेरिकन मराठी मिशन नगरला आले, १८४२मध्ये तेथून 'ज्ञानोदय' निघाले. १८७६-७८चा दुष्काळ आला, तेव्हा राज्यकर्ते स्वतः ख्रिस्ती होते, तरी हिंदुस्थानातून धान्याची निर्यात चालूच होती. रोमसाठी धरलेला तराजू अशा राज्यालाही लागू पडतो. साम्राज्याने धर्म बदलला म्हणून भाकरीचा भाव उतरत नाही.

९/ यावर रास्त आक्षेप असा: सारे पहिल्या शतकापुरतेच असेल, तर श्रद्धावंतांनी हे पुस्तक आजवर का जपले? भविष्याविषयीची आशा हा श्रद्धेचा प्रांत आहे; इतिहास तिला खोटे ठरवू शकत नाही. पण ती आशा प्रथम कोणाला आणि कोणत्या भयात दिली गेली, हे इतिहास सांगू शकतो. तारखा काढणाऱ्यांच्या गणितात नेमकी तीच माणसे गळतात.

१०/ इफिसच्या गरिबाला जग कधी संपेल याहून जवळचा प्रश्न होता: आपल्याला चिरडणारी सत्ता कायमची आहे का? योहानाचे उत्तर होते, नाही. ते देण्यासाठी त्याने त्या सत्तेच्या बाजारातील मालाची यादीच वाचून दाखवली. त्या यादीतील एका जिनसेची खापरे नेवाशाच्या मातीत मिळाली आहेत. 'प्रकटीकरण' वाचायचे तर आधी ही खापरे पाहावीत, भाकितांची गणिते नंतर.