शुद्ध आली म्हणजे रोगी बरा झाला असे नव्हे



कपाशीला पाते-फुले लागली की फवारणीला जोर चढतो, आणि त्याच दिवसांत दवाखान्यातल्या खाटाही भरू लागतात. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली, अनेकांचे प्राण गेले. अशा रोग्याची शुश्रूषा कशी करावी, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे.

प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉस, क्लोरपायरीफॉस ही औषधे ऑरगॅनोफॉस्फरस गटातली. ती किडीच्या नसांवर घाला घालतात, तसाच माणसाच्याही. वाफा भरला की दारेकरी पाणी पुढे वळवतो. आपल्या शरीरात नसेचा निरोप स्नायूला पोचला की तो थांबवण्याचे काम कोलिनेस्टरेज नावाचे द्रव्य करते. विष या दारेकऱ्यालाच निकामी करते. मग निरोप थांबत नाही. लाळ व घाम वाहतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, स्नायू फडफडतात, छाती घरघरते.

अशा वेळी रोग्यास शेताबाहेर मोकळ्या हवेत आणावे. भिजलेले कपडे काढून अंग, केस व नखे साबण-पाण्याने धुवावीत. धुणाऱ्याने हातमोजे, नाहीतर प्लॅस्टिकच्या पिशव्या हातात घालाव्यात. रोग्यास डाव्या कुशीवर निजवावे. मिठाचे पाणी, दूध, ताक काही पाजू नये. ओकारी काढू नये. १०८ ला फोन करावा व औषधाचा डबा लेबलासह बरोबर न्यावा, कारण विषाच्या गटाप्रमाणे उपचार बदलतात.

दवाखान्यात ॲट्रोपिन देतात. त्याने तोंड कोरडे पडते, नाडी जलद चालते, कधी रोगी बडबडतो. घाबरू नये, परिचारिकेस सांगावे. तोंड कोरडे दिसले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाणी पाजू नये. गिळण्याचे स्नायू दुबळे असले तर घोट श्वासनळीत जातो.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या दिवशी रोगी उठून बसतो, बोलतो. घरी वैरणपाणी खोळंबलेले, रोजाची मजुरी बुडालेली. मग नातेवाईक सही करून त्याला घरी नेतात. इथेच घात होतो. विषबाधेनंतर साधारण २४ ते ९६ तासांत काही रोग्यांचे स्नायू पुन्हा लुळे पडतात. श्रीलंकेतील डॉक्टरांनी १९८७ साली या अवस्थेचे वर्णन केले. आधी मान, मग श्वासाचे स्नायू दुबळे होतात. हे घरी घडले तर श्वास चालू ठेवणारे यंत्र कोठून आणणार?

म्हणून जवळ बसणाऱ्याने एक सोपी पाहणी वरचेवर करावी. उताण्या निजलेल्या रोग्यास उशीवरून मान उचलायला सांगावे. मान उचलेना, आवाज नाकात येऊ लागला, घोट गिळवेना किंवा धाप लागली, तर त्याच क्षणी परिचारिकेस बोलवावे. रात्रीही पाळीपाळीने जागावे. रोगी हालचाल करू शकत नसेल, तर परिचारिकेच्या सांगण्याप्रमाणे दर दोन तासांनी कूस बदलावी, म्हणजे पाठीला जखमा पडत नाहीत.

घरी आल्यावरही लक्ष ठेवावे. काही औषधांमुळे दोन-तीन आठवड्यांनी पायांना मुंग्या येतात, पाऊल लोंबते, चप्पल पायातून निसटते. असे झाल्यास डॉक्टरांकडे जावे. बधिर पायाला गरम विटेचा शेक देऊ नये. भाजलेले कळत नाही.

कोलिनेस्टरेज पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे लागतात. तोवर थोड्या फवारणीनेही पुन्हा विष चढू शकते. तेव्हा डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत त्याच्या पाठीवर पंप चढवू नये. त्या हंगामापुरती फवारणी दुसऱ्याने करावी, तीही हातमोजे व तोंडाला मास्क लावूनच.