भाव गाडीचा की कागदांचा?

रात्रीचा एक वाजलाय. सकाळी जर्नल सबमिट करायचंय आणि तुम्ही स्क्रोल करत करत एका जाहिरातीवर अडकलात. 'टोयोटा सुप्रा, मॉडेल १९९४. विंटेज, रेअर पीस. टाइमपास करणाऱ्यांनी मेसेज करू नये.' फोटो एकदम कडक. लिंक ग्रुपवर पडते आणि पहिलाच प्रश्न येतो, ''एवढी किंमत असते का रे हिची?''

प्रश्न एकदम बरोबर आहे, पण त्याचं उत्तर त्या फोटोंमध्ये सापडणार नाही.

सप्टेंबर २०२५ आठवा. केरळमध्ये कस्टम्सने 'ऑपरेशन नुमखोर' नावाची मोहीम उघडली. भूतानमधून जुन्या महागड्या गाड्या चोरट्या मार्गाने आणायच्या, खोट्या कागदांवर वेगवेगळ्या राज्यांत रजिस्टर करायच्या आणि शौकिनांना विकायच्या, असा संशय होता. पहिल्याच दिवशी तीसहून जास्त गाड्या ताब्यात घेतल्या गेल्या. मल्याळम सिनेमातल्या बड्या कलाकारांच्या घरांचीही झडती झाली. यातली गोम लक्षात घ्या. गाड्या खऱ्या होत्या, इंजिनं चालू होती. संशय होता तो कागदांवर. जिच्या कागदांवर असा संशय आहे, ती गाडी कितीही चकचकीत असली तरी बाजारात तिला कोण विचारणार?

सिनेमातली सुप्रा

आता उलटी बाजू बघू. 'फास्ट अँड फ्यूरिअस'मध्ये पॉल वॉकरने चालवलेली केशरी सुप्रा २०२१ मध्ये लास व्हेगासच्या लिलावात साडेपाच लाख डॉलरला गेली. त्या वेळच्या दराने साधारण चार कोटी रुपये! गंमत म्हणजे तिच्यात सुप्राचं ते प्रसिद्ध ट्विन टर्बो इंजिन नव्हतंच. होतं ते टर्बो नसलेलं साधं इंजिन. २०१९ मध्ये अमेरिकेतच एक खूप कमी धावलेली, ट्विन टर्बो इंजिनची १९९४ चीच सुप्रा लिलावात १ लाख ७३ हजार ६०० डॉलरला गेली होती. म्हणजे जास्त ताकदीची गाडी स्वस्तात आणि कमी ताकदीची तिप्पट भावात. मधला फरक इंजिनाचा नाही, इतिहासाचा आहे. हीच ती सिनेमातली गाडी, हे सिद्ध करणारे कागद सोबत होते म्हणून तो इतिहास विकला गेला. तसाच केशरी रंग मारलेली दुसरी सुप्रा म्हणजे नुसती रंगवलेली सुप्रा.

आपल्याकडचंच उदाहरण हवंय? सचिनची लाल फेरारी ३६० मोडेना. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल त्याला ती भेट मिळाली आणि २०११ मध्ये सुरतच्या एका उद्योजकाकडे गेली. कस्टम ड्युटीच्या वादापासून विक्रीपर्यंत तिची प्रत्येक पायरी जगजाहीर आहे. त्यामुळे 'ही सेलिब्रिटीची गाडी' असं कुणी जाहिरातीत म्हणालं, तर आधीच्या मालकाचं नाव कागदावर दाखवायला सांगा. नाव नसेल तर त्या किश्श्याचे पैसे शून्य.

'मार्केट रेट' कुठून येतो?

अमेरिकेत 'ब्रिंग अ ट्रेलर'सारख्या साइटवर गाडी शेवटी कितीला गेली, तो आकडा सगळ्यांसाठी खुला राहतो. आपल्याकडच्या जाहिरातींत दिसते फक्त मागितलेली किंमत. सौदा कितीला तुटला, ते दोघांनाच माहीत. मग एकाने वाट्टेल तो आकडा टाकायचा, दुसऱ्याने तो बघून त्यात थोडी भर घालायची आणि तिसऱ्याने त्यालाच 'मार्केट रेट' म्हणायचं. म्हणून जाहिरातीतला आकडा ही किंमत समजू नका. ती विकणाऱ्याची इच्छा आहे. एकच जाहिरात दोन-तीन महिने लटकलेली दिसली, की समजा त्या भावाला गिऱ्हाईक नाही.

आता त्या सुप्राकडे वळू

पहिली गोष्ट, १९९४ ची गाडी कायद्याने 'विंटेज' नाही. २०२१ च्या नियमांनुसार त्यासाठी वय ५० वर्षांच्या वर लागतं. दुसरी, परदेशातली वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. मग ही आली कधी आणि कशी? बिल ऑफ एंट्री आणि ड्युटी भरल्याची पावती मागा. तिसरी, ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या आयात चारचाकीच्या रजिस्ट्रेशन रिन्यूअलची फी ८० हजार रुपये झालीय. म्हणजे घासाघीस सुरू करतानाच तेवढी रक्कम वजा.

सुप्रा आपल्या खिशाबाहेरची आहे, मान्य. पण हेच गणित आरएक्स १०० ला लावा. १९९६ मध्ये उत्पादन थांबलेली ही टू-स्ट्रोक आज कॉलेजच्या पार्किंगमधला 'कलेक्टर्स आयटम' आहे आणि तिच्यासाठी पार्टटाइमचे पैसे साठवणारा एक तरी मित्र तुमच्या ग्रुपमध्ये असेलच. त्याला हे सांगा:

चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः जुळवून बघ. घासलेला किंवा पुन्हा पंच केलेला वाटला तर तिथूनच परत फिर. एम-परिवहनवर फिटनेस, इन्शुरन्स, बँकेचा बोजा तपास. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि आपल्याकडचा टॅक्स धर. रिन्यूअलची फी आता दोन हजार आहे, तीही धर. 'फुल्ली रिस्टोअर्ड' म्हटलं की कामाची बिलं आणि आधीचे फोटो माग, नव्या रंगाखाली पुट्टी किती आहे ते फोटोत दिसत नाही. ओळखीचा मेकॅनिक सोबत ने. हा सगळा खर्च मांड, तो मागितलेल्या भावातून कमी कर आणि मगच तुझा आकडा सांग.

आणि 'मी आर्मीत आहे, बदली झालीय, टोकन पाठवा, गाडी घरी येईल' असा मेसेज आला, तर एक रुपयाही पाठवू नको. गाडी समोर उभी नाही, मूळ आरसी हातात नाही, तोवर यूपीआय उघडायचंच नाही.

जुन्या गाडीचं वेड वाईट नाही. जुनं यंत्र जपणारी माणसं हवीतच. फक्त भाव करताना डोळे चमकत्या टाकीवर कमी आणि आरसीवर जास्त ठेवा. उद्या ग्रुपवर पुन्हा लिंक पडली की 'भारी!' म्हणायच्या आधी एवढंच विचारा, ''कागद दाखवतोय का?''