परतलेल्यांचा आनंद आणि न परतलेल्यांचा हिशेब

1 मार्च 2019 च्या रात्री अटारीच्या फाटकातून विंग कमांडर अभिनंदन वर्धमान चालत स्वदेशी आले, तेव्हा या देशातली फारच थोडी घरे झोपी गेली असतील. त्यांचा बंदिवास अवघ्या तीन दिवसांत संपला होता. तरी हुबळीच्या विद्यानगरात काय किंवा आमच्या म्हापशात काय, जो तो आपल्याच घरचा कोणी येणार असल्यासारखा वाट पाहत होता. विजयाच्या आनंदात थोडा उन्माद मिसळलेला असतोच. जिवंत परतलेल्या माणसाच्या आनंदात तो नसतो, म्हणून हा आनंद अधिक निर्मळ.

हुबळीकरांना तर त्याची दुसरी बाजूही ठाऊक आहे. 3 फेब्रुवारी 2016 रोजी सियाचेनवर हिमकडा कोसळला. त्याखालून धारवाड जिल्ह्यातील बेटदूरचा लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद सहाव्या दिवशी जिवंत निघाला. शत्रूने नव्हे, बर्फाने त्याला बंदी केले होते. सारा देश देव पाण्यात घालून बसला. 11 तारखेस त्याने दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात प्राण सोडला आणि ज्या हुबळीने त्याच्या स्वागताची स्वप्ने पाहिली, तिला नेहरू मैदानावर त्याचे अंत्यदर्शन घ्यावे लागले.

परंतु आनंदाची खरी कसोटी वीराच्या परतण्याने लागत नाही. ती लागते धुळे जिल्ह्यातील बोरविहीरच्या चंदू चव्हाणसारख्या साध्या शिपायाच्या परतण्याने. 29 सप्टेंबर 2016 रोजी, सर्जिकल स्ट्राइकची वार्ता देशभर दुमदुमत असतानाच, हा सदतिसाव्या राष्ट्रीय रायफल्सचा जवान नियंत्रण रेषेपलीकडे गेला. तो पकडला गेल्याचे ऐकून त्याच्या आजीने धसक्याने प्राण सोडला. 21 जानेवारी 2017 रोजी तो परतला, तेव्हा महाराष्ट्राने आनंद केला. पुढे त्याच वर्षी लष्करी न्यायालयाने त्याला दोषी ठरवून सुमारे तीन महिन्यांच्या कैदेची शिक्षा सुनावली. लष्कराची शिस्त लष्कराने पाहावी; त्यात आम्हांस बोलावयाचे नाही. पण जानेवारीत फटाके वाजविणाऱ्यांपैकी कितीजणांनी ऑक्टोबरात त्याची विचारपूस केली?

गोमंतकीयांना या प्रश्नाचा एक विदारक नमुना आपल्याच भूमीवर पाहावयास मिळाला आहे. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला आणि तीन हजारांवर पोर्तुगीज सैनिक आपल्या छावण्यांत बंदी झाले. सालाझारची आज्ञा होती ती जिंकण्याची अथवा मरण्याची. शरणागती त्याच्या हिशेबात बसत नव्हती. गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी ती आज्ञा मोडली, म्हणून हे सैनिक जगले आणि गोव्याची गावेही बचावली. आपली माणसे परत घेण्यासही लिस्बनने चालढकल केली. मे 1962 मध्ये ती एकदाची मायदेशी पोहोचली, तेव्हा स्वागताला लष्करी पोलीस उभे होते. व्हासालो इ सिल्व्हांना पुढल्या वर्षी सैन्यातून काढून टाकण्यात आले. त्यांची प्रतिष्ठा त्यांना परत मिळाली ती 1974 च्या राज्यक्रांतीनंतर. हुकूमशहाला मेलेला सैनिक सोयीचा असतो, जिवंत सैनिक अडचणीचा.

येथवर आपण सालाझारला हसू शकतो. मात्र त्याच मे महिन्यात आपल्याही हातून एक गोष्ट राहून गेली. त्यांचे तीन हजारांवर सैनिक आपण सुखरूप परत पाठविले, आणि आपला मोहन रानडे त्यांच्या तुरुंगातच राहिला! आझाद गोमंतक दलाचा हा मराठी शिक्षक 1955 मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला होता. ज्या गोव्यासाठी तो लढला, तो गोवा स्वतंत्र झाला. तरी लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यातून त्याची सुटका व्हावयास जानेवारी 1969 उजाडले. त्यासाठी जीव पाखडला तो सुधीर फडक्यांसारख्या कलावंताने.

दहा वर्षांनी हेच पुन्हा घडले. बांगलादेशच्या युद्धानंतर सुमारे 93 हजार पाकिस्तानी युद्धकैदी आपण सोडून दिले. आपलेही सहाशेवर जवान 1 डिसेंबर 1972 रोजी परतले. त्यांत रावळपिंडीच्या तुरुंगाची भिंत फोडून अफगाण सरहद्दीच्या तोंडापर्यंत धडक मारणारे, आपल्या मराठी मातीतले दिलीप परुळकरही होते. पण 54 जणांच्या नावांची यादी सरकारदप्तरी उरली. ते पाकिस्तानच्या कोठडीत असावेत, असे आपले सरकार म्हणते. आमच्याकडे कोणी नाही, असे पाकिस्तान म्हणते. 2007 मध्ये त्यांचे नातलग तेथील तुरुंग धुंडाळून रिकाम्या हातांनी परतले. यांपैकी आज कोणी हयात असेलच, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही. तथापि मे 2025 मध्ये सीमा सुरक्षा दलाचा पूर्णमकुमार शॉ तीन आठवड्यांत परत आणता येतो, तर या चौपन्न नावांविषयी कोणत्या वर्षी कोणास काय विचारले आणि काय उत्तर मिळाले, एवढे तरी सरकारने दरवर्षी संसदेपुढे ठेवावे. त्या घरांतील कित्येक आईबाप वाट पाहतच गेले. बायका-मुले आहेत, त्यांना ते समजले पाहिजे.